राजाची दूधआई

इजिप्तला जाऊन आले हे कळल्यापासून पनवेलमध्ये भेटेल तो पिरॅमिडचं विचारतो. केवढा असतो, आत जाता येतं का, उंटावर बसलात का. पिरॅमिड मी पाहिले. ते फोटोत दिसतात तसेच आहेत, फक्त फोटोत वारा नसतो. पण डोळे मिटले की मला पिरॅमिड दिसत नाहीत. सक्काऱ्याच्या वाळूतली एक बुटकी खोली दिसते, आणि तिच्या भिंतीपुढे लुगड्याचा पदर सावरत उभी असलेली माझी मावशी.

ही मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण, हिरा. उलव्याच्या अलीकडे खाडीकाठच्या गावात दिलेली, मिठागरावर आयुष्य काढलेली. एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यागोत्यात ती कुणापासून लपलेली नाही. मला जन्म या मावशीनं दिला. आईला मूलबाळ नव्हतं, म्हणून माझ्या बारशाच्या दिवशी मावशीनं मला नारळासकट आईच्या ओटीत घातलं. आईनं मला ही गोष्ट लहानपणीच सांगितली, आणि तिथेच संपवली. मी मावशीची तिसरी मुलगी. दोघींनंतर पुन्हा मुलगीच झाली, म्हणून देऊन टाकली असणार, हे मी माझ्या मनाशी जोडून घेतलं होतं. विचारलं कधीच नाही. मावशी दिवाळीला यायची, वाल आणि सुकट घेऊन. मला 'बाय' म्हणायची. 'माझी लेक' असं तिनं कधी म्हटलं नाही, आणि मी वाटही पाहिली नाही. निदान आई होती तोवर नाही.

आई गेली आणि पनवेलच्या त्या दोन खोल्यांत मी एकटी उरले. मी शाळेत इतिहास शिकवते. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा समोर असताना नरेशचा फोन आला. नरेश मावशीचा धाकटा, रक्तानं माझा सख्खा भाऊ, बोलण्यात मावसभाऊ. तो इजिप्तमध्ये पोर्ट सैदला एका जहाज कंपनीत आहे. "ताई, आईला एकदा इथं घेऊन ये. ती एकटी विमानात बसायची नाही. आणि तूही बघ, आयुष्यभर पोरांना शिकवलंस ते."

थंडीच्या सुट्टीत आम्ही निघालो.

पोर्ट सैद

कैरोच्या विमानतळावर मावशीची पिशवी उघडली गेली. तांदळाचं पीठ, वाल, आणि सात फडक्यांत बांधलेले सुके बोय मासे. मी शरमेनं दुसरीकडे पाहू लागले. अधिकाऱ्यानं फडकं नाकाशी नेलं, शेजारच्याला हाक मारली, त्यानंही वास घेतला, आणि दोघं हसले. त्यांच्याकडेही वसंतातल्या सणाला खारवलेला मासा खातात म्हणे, आणि तोही बोयच. पिशवी परत बांधून देताना त्यानं मावशीला हात जोडल्यासारखं केलं. "बग," मावशी म्हणाली, "मासली खानारा मानूस कुटं बी वलकतो."

नरेशचं घर सुएझ कालव्यापासून जवळ आहे. सकाळी गच्चीवरून पाहिलं तर समोर सपाट पिवळी वाळू आणि त्या वाळूवरून एक अजस्र जहाज सावकाश सरकत चाललेलं. कालव्याचं पाणी तिथून दिसत नाही. जहाजामागून जहाज, आवाज न करता, जमिनीवरून चाललेलं. मावशीला त्याचं नवल वाटलं नाही. मिठागराच्या बांधावरून पाहिलं की तिवरांच्या माथ्यावरून न्हावा शेव्याची जहाजं अशीच जाताना दिसतात, हे तिनं वर्षानुवर्षं पाहिलेलं.

न्याहारीला रस्त्यावरचे 'फूल' नावाचे दाणे आले. आपल्याकडच्या पावट्यांचे थोरले भाऊ, रात्रभर मडक्यात शिजवलेले, वर तेल आणि लिंबू. मावशीनं एक घास खाऊन मान हलवली. "बिरडंच हाय. नारळ नाय आनि मीठ कमी." पुढचे सगळे दिवस ती मिठावरून प्रत्येक पदार्थाचा निकाल लावत राहिली.

नरेशला ऐनवेळी रजा मिळाली नाही. त्याच्या कचेरीतल्या मित्राची बहीण नादिया गाईडचं काम करते. तिच्यावर त्यानं आम्हाला सोपवलं. तिशीतली, डोक्याला गडद निळा रुमाल, प्राचीन इतिहास शिकलेली. त्या वर्षांत गडबडीच्या बातम्यांमुळे परदेशी माणसं येत नव्हती, म्हणून तिलाही आमच्यासाठी वेळच वेळ होता. आमचं बोलणं इंग्रजीत. मावशीसाठी मी मराठी करायची.

गाडीत बसल्या बसल्या तिनं विचारलं, "तुमची आई?"

"खाला," मी म्हटलं. पनवेलला मोहल्ल्यातल्या मैत्रिणींमुळे मावशीसाठी हा शब्द तोंडात बसलेला.

"तोच शब्द आमचा," ती खूश झाली. "आमच्यात म्हणतात, खाला आईच्याच जागी."

मी तिला आपली म्हण सांगितली, माय मरो पण मावशी जगो. मागच्या सीटवरून मावशी म्हणाली, "आसं नको सांगू तिला. कोनी मराची गरज नाय."

सक्कारा

कैरो मागे पडलं की नाईलकाठची खजुराची झाडं लागतात, आणि मग शेत जिथे संपतं तिथेच वाळवंट सुरू होतं. मधे काहीच नाही. एक पाय हिरव्या चाऱ्यात आणि एक वाळूत ठेवून उभं राहता येतं. सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. खजुरांचे शेंडे तेवढे वर तरंगत होते, आणि त्यांच्यापलीकडे पायऱ्यांचा पिरॅमिड, कुणीतरी अर्धवट पुसून टाकल्यासारखा.

नादियानं आम्हाला तिथे थांबू दिलं नाही. "पुढे एक नुकतीच उघडलेली जागा आहे. मला ती आवडते. तिथे राजा नाही."

ती एका बाईची कबर होती. वाळूखालच्या खडकात कोरलेल्या बुटक्या खोल्या, भिंती धुरानं काळवंडलेल्या. दिवा लावल्यावर भिंतीवर एक बाई उमटली. खुर्चीवर बसलेली, आणि तिच्या मांडीवर मुकुट घातलेला छोटा राजा. तिचा एक हात त्याच्याकडे उचललेला. खुर्चीखाली कुत्रा.

"हा तुतनखामेन," नादिया म्हणाली, "आणि ही त्याची दूधआई. तिनं त्याला पाजलं. तिचं नाव माया."

मी ते नाव दोनदा विचारलं. भाषा वेगळी, अर्थही वेगळा असणार, मला कळत होतं. तरी अंगावर काटा आला.

मावशी भिंतीच्या अगदी जवळ गेली. "पाजनारीचं नाव हाय. मंग आईचं?"

मी मराठीतून इंग्रजी केलं. नादियानं दिवा थोडा खाली घेतला.

"आईचं नाव नाही. एका दगडावर त्याला राजपुत्र म्हटलंय, पण आईबापांची नावं नाहीत. दुसरीकडे तो स्वतः एका राजाला वडील म्हणतो, पण तो बहुधा आजोबा. त्यांच्या भाषेत वडिलांनाही तोच शब्द आणि आजोबा-पणजोबांनाही तोच. बायकोला बहीण म्हणायचे. खरोखरची बहीणही बायको असायची. नातवाला मुलगा म्हणायचे. आम्ही त्या शब्दांवरून झाड काढतो, आणि मग पुसतो."

"आमच्याकडं बी चुलतभावाला भाऊच म्हनतात," मावशी म्हणाली. "त्यात काय आडलं?"

"जिवंत माणसांचं अडत नाही, खाला," नादिया म्हणाली. "ती एकमेकांना ओळखतात."

काही अभ्यासक तर म्हणतात, ही माया म्हणजे त्याची थोरली बहीणच, तोंडवळा सारखा आहे म्हणून. नादियाला ते पटत नव्हतं. पण 'नाही' असंही ती म्हणाली नाही. मला तिचं हे फार आवडलं. मी वर्गात फळ्यावर वंशावळी काढते तेव्हा सगळ्या रेघा सरळ आणि ठळक असतात. परीक्षेत तशाच याव्या लागतात.

बाहेर आलो तेव्हा धुकं गेलं होतं. मावशी मात्र आतच राहिली होती. मी परत वळले तर ती भिंतीवरच्या त्या बाईपुढे हात जोडून उभी. देवळात जोडतात तसे नव्हे. पाहुण्यांच्या घरी वडीलधाऱ्या बाईला जोडतात तसे.

लुक्सॉर

लुक्सॉरला नाईल रुंद आणि निवांत आहे. पहाटे पलीकडच्या डोंगरावरून गरम हवेचे रंगीबेरंगी फुगे माणसं घेऊन वर चढतात आणि बराच वेळ हवेत नुसते टांगून राहतात. आम्ही होडीनं पश्चिमेला उतरलो. डोंगर गुलाबी, कोरडा, गवताचं एक पातं नाही. राजांच्या दरीत त्या सकाळी आमच्याशिवाय फक्त एक म्हातारं जोडपं होतं. बाकी सावल्या. बोललेला शब्द डोंगराला लागून हळू होऊन परत यायचा.

कबरीच्या आत गाईडला बोलता येत नाही. नादियानं आम्हाला दुसऱ्या अमेनहोटेपच्या कबरीबाहेर सावलीतल्या बाकावर बसवलं. पायऱ्या खोल होत्या, आणि मावशीचे गुडघे दुखरे. मी एकटीच उतरून आले. आत छतभर गडद निळं आकाश आणि पिवळे तारे. बाजूला एक छोटी कोठडी, काहीही नसलेली. मी तिच्यात डोकावून लगेच वर आले.

"त्या कोठडीत तिघं जण सापडले," नादिया सांगू लागली. "एक म्हातारी बाई, तिचे केस अजून लांब आणि लालसर. एक मुलगा. आणि एक तरुण बाई, तिचा गाल फोडलेला. कुणावरही नाव नाही. पुजाऱ्यांनी चोरांच्या भीतीनं कधीतरी तिथे आणून ठेवलेले. शंभर वर्षं आमचे लोक भांडत होते, ही कोण, ती कोण. मग डीएनए तपासला. म्हातारी निघाली तुतनखामेनची आजी. आणि ती गाल फुटलेली, त्याची आई."

"मंग सापडली की," मावशी म्हणाली.

"सापडली. पण नाव नाही सापडलं. तपासणी सांगते ती त्याच्या वडिलांची सख्खी बहीण. काही म्हणतात, पिढ्यान् पिढ्या मामेभावंडं-आतेभावंडं लग्न करत असली तर रक्त असंच दिसेल, मग ती राणी नेफरतिती का नसावी? वडील कोण, त्यावरही वाद आहे. आणि तो मुलगा कोण, ते तर काहीच ठरलेलं नाही. पण दोघी बायकांबद्दल बहुतेकांचं एकमत आहे. त्या आई आणि मुलगी. शेजारी शेजारी पडून होत्या, आणि हे कुणाला माहीत नव्हतं."

मी हे सगळं मावशीला मराठीत सांगितलं. मावशी समोरच्या डोंगराकडे बघत राहिली.

तुतनखामेनची कबर उथळ आहे. ती पाहायला मावशी येणार म्हणाली. जाण्याआधी नादियानं पिशवीतून एक पुस्तक काढून आम्हाला फोटो दाखवले, आत काय काय सापडलं त्याचे. सोन्याचा मुखवटा, रथ, खुर्ची. मावशी भराभरा पानं उलटत होती. एका पानावर ती थांबली. दोन इवल्याशा पेट्या, माणसाच्या आकाराच्या.

"ह्या कोनाच्या?"

"त्याच्या मुलींच्या असाव्यात," नादिया म्हणाली. "जन्माआधीच गेलेल्या, किंवा जन्मतानाच. त्यांनाही नावं नाहीत. पेटीवर फक्त मृतांच्या देवाचं नाव आहे."

मावशीनं पुस्तक मिटलं नाही. त्या पेट्यांवर तळहात ठेवून बसली. मग हलक्या आवाजात, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "भैनीची बी आशीच गेली."

"कुणाची?"

"तुज्या आईची."

नादियाला काहीतरी झालं ते कळलं. ती उठून तिकिटांकडे गेली. मी काही विचारायच्या आत मावशी उठली आणि कबरीच्या दारातून खाली उतरली. आत काचेच्या पेटीत तो राजा झोपलेला, चेहरा आणि पावलं तेवढी उघडी, कोळशासारखी काळी. केवढासा. नववी-दहावीच्या बाकावरचा मुलगा वाटावा. मावशी त्याच्या पावलांपाशी उभी राहिली. मी तिच्या मागे. त्या कबरीतलं दुसरं काहीही मला आठवत नाही.

परतीच्या होडीत दुपारची गर्दी नव्हती. नादिया पुढे नावाड्यापाशी बसली. पाणी तुपासारखं संथ. मावशीनं बोलायला सुरुवात केली ती पाण्याकडे बघत.

"तिला पयली पोरगी झाली. जल्मली, पन रडलीच नाय. आनि त्याच पंधरवड्यात तू झालीस. मला ताप चढला, सुद नाय राहिली. दूध आटलं. तुला शेळीचं देऊन पायलं, पोटात ठरंना. सगल्यांनी तुझी आस सोडली व्हती. तुजी आई आली व्हती माज्याकडं, वल्ली बालंतीन. पान्ह्यानं तापलेली, रिकामी. तिनं तुला उचलली."

होडीच्या कडेवर पाणी चुबुकचुबुक वाजत होतं.

"तुला घेऊन ती पनवेलला गेली. मी बरी झाले तवर भात कापून झालं व्हतं. मी टोपरं शिवलं आनि होडीनं आले तुला न्याला. तू तिच्या मांडीवर व्हतीस. मी हात पुडं केला तर तू तोंड फिरवलंस. ती काय बी नाय बोलली. उठून तुजं कापडं बांधाला लागली. घडी घालाची, मोडाची, परत घालाची. मी तिला म्हटलं, ऱ्हाऊ दे आज. फुडच्या भरतीला नेते."

"मग?"

"भरती काय, रोज येती."

तेवढंच. पदराच्या टोकानं तिनं नाक पुसलं.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली, आणि मी विचारलं, "मग बारशाची गोष्ट? नारळ? ओटीत घातलं ते?"

"तिनं सांगितली ना तुला?"

"हो."

"मंग तशीच आसंल."

"पण मावशी, दोन्ही कशा खऱ्या असतील? तू आता म्हणालीस की—"

"तिला पोरगी झाली व्हती हे तिनं कोनाला सांगू नको म्हटलं व्हतं. मी नाय सांगितलं. आज त्या पेट्या बगून तोंडातून गेलं." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तू तिसरी पोर म्हनून दिली, आसं वाटत व्हतं ना तुला?"

मी मान हलवली. तिला हे कुठून कळलं, मला माहीत नाही.

"नाय गं बाय," ती म्हणाली. "दिली नाय. ऱ्हायलीस."

त्या एका शब्दावर मी तिथे होडीतच रडले. किनाऱ्यावरची हिरवळ, खजूर, मशिदीचे मनोरे सगळं पाण्यात विरघळून गेलं. नादिया मागे वळली नाही. मावशीचा हात माझ्या पाठीवर फिरत होता, मिठानं भेगाळलेला, खरबरीत. पनवेलच्या घरातल्या कितीतरी गोष्टी मला दुसऱ्याच बाजूनं दिसू लागल्या. आई मला आजारपणात कुणाच्याही हाती द्यायची नाही ते. दिवाळीत मावशी निघाली की आई खाडीच्या धक्क्यापर्यंत सोबत जायची, आणि दोघी बहिणी एकमेकींशी काही न बोलता उभ्या राहायच्या ते.

यातली खरी गोष्ट कोणती, हे सांगू शकणारं दुसरं माणूस आता उरलेलं नाही. आजी नाही, बाबा नाहीत, आई नाही. शाळेत मी मुलांना सांगते की दोन साधनं वेगळं बोलली तर तिसरं शोधा. इथे तिसरं नाही. मी शोधणारही नाही.

पनवेल

मुंबईला उतरलो तेव्हा गावाकडून मावशीला न्यायला पनवेलला गाडी येणार होती. टॅक्सीत कळंबोलीपर्यंत तिनं काही सांगितलं नाही. मग म्हणाली, "गाडीवाल्याला फोन कर. म्हनावं चार दिवसांनी ये."

माझ्या घरी यायला तिनं कधी 'राहते' म्हटलं नव्हतं. सकाळी आली की संध्याकाळी परत. मी कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या. बंद घराचा वास जायला थोडा वेळ लागला. मी स्वयंपाकघरात गेले, दूध आणायला कुणाला सांगावं ते बघत. बाहेरच्या खोलीत मावशीचा आवाज आला. मला वाटलं, मला हाक मारते आहे, म्हणून मी दारापर्यंत आले.

ती आईच्या फोटोपुढे उभी होती. प्रवासातली शाल अजून अंगावर, पायातल्या चपला दाराशी काढलेल्या. फोटोवरची धूळ पदरानं पुसत ती बहिणीशी बोलत होती, शेजारच्या बाकावर बसलेल्या माणसाशी बोलावं तशी.

"घे. जपून नेली, जपून आनली तुजी पोर. लय चालवलं तिनं मला, लय उन्हात फिरवलं. आनि एक कर, रागावू नको माज्यावर. तिला तुज्या पयलीचं सांगितलं मी. इतकी वर्सं पोटात ठेवलं, आता नाय ठेववलं." तिनं काच पुन्हा एकदा पुसली. "बरं झालं, म्हन. तुज्या दोगी पोरी एकमेकींना ठावं झाल्या."